हितसंबंध

चष्मेवाले नगरपरिषदेवर निवडून आले तेव्हा त्यांच्या बायकोने विचारलं होतं, "पण तुम्हाला मत दिलं तरी कुणी हो?" थट्टाच होती, पण प्रश्न खरा होता. हा माणूस जन्मात कुणाशी भांडला नव्हता, की कधी चार माणसांपुढे उभा राहून बोलला नव्हता. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना ते इतक्या जवळून आणि इतक्या हळू बोलत, की समोरच्याला त्यांचा आपोआप भरवसा वाटे. त्या भरवशावर ते निवडून आले. सभागृहात मागच्या रांगेत बसायचे, हात वर करायची वेळ आली की करायचे, आणि वॉर्डातला एखादा दिवा गेला की तो लागेपर्यंत वीजखात्याचा पिच्छा पुरवायचे. नगरसेवक म्हणून त्यांची कारकीर्द एवढीच.

त्या वर्षी प्राइडच्या फेरीचा विषय सभेपुढे आला. समलिंगी लोकांची फेरी शहरात आधीही निघाली होती, पण ती आपली फुटपाथवरून, कडेकडेने. मागच्या खेपेला एका गल्लीतून एक स्कूटरवाला सरळ फेरीत घुसला. मुद्दाम की चुकून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका मुलीचा पाय मोडला. रुग्णवाहिका नव्हती, म्हणून तिला भाजीच्या टेम्पोतून दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून पोलिसांनी बजावून ठेवलं होतं: पुढच्या वेळी रस्त्याला लोखंडी कठडे, माणसं आणि रुग्णवाहिका असल्याशिवाय परवानगी नाही. आता हे सगळं नगरपरिषदेकडे होतं. कठडे तर तिच्या गोदामात धूळ खात पडले होते. पण ज्या कार्यक्रमाला परिषदेचं अनुदान, त्यालाच ते मिळत. म्हणून फेरी काढणाऱ्या मंडळाने अर्ज केला होता, आणि मंडळाची अध्यक्ष होती चष्मेवाल्यांची थोरली बहीण.

हे शहरात कुणाला ठाऊक नव्हतं.

तसं लपवलं कुणीच नव्हतं. आई गेली तेव्हा चष्मेवाले शाळेत होते. त्यांचे डबे, त्यांचे ताप, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांना फुटणारं रडू, सगळं ताईने सांभाळलं. मग तिचं लग्न झालं, आडनाव बदललं, आणि काही वर्षांनी तिने नवऱ्याचं घर सोडलं. आडनाव तेवढं राहिलं. "कागदावर कुठे कुठे बदलत बसू?" म्हणाली. पुढे ती एका शाळेतल्या गणिताच्या बाईंबरोबर राहू लागली. त्यांना सगळे मास्तरीणच म्हणत, ताईसुद्धा. मास्तरीण निवृत्त झाल्यावर दोघींनी ठरवलं, भाऊ आहे त्या शहरात जाऊ. भावाने लगबगीने घर शोधून दिलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

तिथे ताईने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देण्याचं दुकान काढलं. चष्मेवाल्यांच्या घरी येणंजाणं होतं. त्यांची मुलगी तिला आत्या म्हणून गळ्यात पडायची, बायकोचं आणि तिचं तर गूळपीठ होतं. पण ताई चष्म्याच्या दुकानात यायची आणि तेवढ्यात कुणी गिऱ्हाईक आत शिरलं, की ती समोरची एखादी फ्रेम उचलून आरशात बघू लागायची. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि करू नको असंही कुणी म्हणालं नव्हतं.

सभेच्या आधीच्या आठवड्यात ती दुपारची आली, तेव्हा दुकानात कुणी नव्हतं.

"बारक्या, बस जरा," ती म्हणाली. पन्नाशी उलटली तरी तिच्या लेखी ते बारक्याच होते. "किती मतं आहेत आपल्याकडे?"

"माझं धरून एक जास्त."

"आणि न धरता?"

"सारखी. मग नगराध्यक्षांचं मत निर्णायक. आणि ते आपल्याला देणार नाहीत."

ताईने मान हलवली. तिला हे माहीतच होतं, फक्त ऐकायचं होतं. मग म्हणाली, "सभेच्या सुरुवातीला ते विचारतात ना, कुणाचे काही हितसंबंध आहेत का म्हणून?"

चष्मेवाले हातातली काच पुसत राहिले. तेही गेले काही दिवस त्याच एका गोष्टीपाशी अडले होते. अर्जदाराशी जवळचं नातं असेल तर नगरसेवकाने तसं सांगायचं आणि उठून बाहेर जायचं. ना चर्चा, ना मत.

"विचारतील तेव्हा गप्प बस," ताई म्हणाली.

"म्हणजे खोटं बोलू?"

"बोलू नको. नुसता गप्प बस. इतकी वर्षं तेच तर करतोयस. आणखी एक दुपार कर."

ती चिडून बोलली नव्हती. सोफ्याचं कापड मापाने कापावं तशी बोलली होती. चष्मेवाल्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"कळलं तर?"

"कळलं तर बघू. तोवर फेरी झालेली असेल. त्या मुलीचा पाय अजून धड नाही रे. तिला मी काय तोंड दाखवू? या खेपेला कठड्यांशिवाय मी कुणालाही रस्त्यावर उतरवणार नाही."

"मास्तरीणबाई काय म्हणतात?"

"ती म्हणते, नगरपरिषदेकडे मुळी मागायलाच नको होतं. आज अनुदान दिलं की उद्या सांगतील कपडे कसले घाला, फलकावर काय लिहा. आपली फेरी आपल्या जिवावर. आम्ही त्यावरून तीन दिवस भांडलो." ताई किंचित हसली. "पण तिच्या त्या जिवावर रुग्णवाहिका येत नाही."

दुकानाची घंटी वाजली. एक म्हातारे गृहस्थ आत आले. ताईने हात लांबवून एक फ्रेम उचलली, डोळ्यांवर चढवली आणि आरशाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले परिषदेच्या सचिवांकडे गेले. आव असा आणला, की सहजच आलोय.

"समजा, एखाद्याने नातं सांगितलं नाही आणि मत दिलं, तर?"

"उघडकीस आलं तर ठराव रद्द. सदस्याची चौकशी. पद जाऊ शकतं." सचिवांनी चष्मा कपाळावर सरकवला. चष्मा चष्मेवाल्यांच्याच दुकानातला होता. "का हो? तुमचं कुणी आहे का?"

"छे छे," चष्मेवाले म्हणाले. "आपलं सहज."

पायऱ्या उतरताना त्यांना जाणवलं, की सभा अजून लांब आहे आणि आपण खोट्याला सुरुवात करून बसलोय. घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं म्हणतात तसंच करा. त्यांचं काम, त्यांना कळतं." मग भांडी आवरता आवरता तिचा आवाज आला, "पद गेलं तरी मला काही वाटणार नाही. तेवढीच दुकानाची काच वेळेवर पुसली जाईल."

सभेच्या दिवशी प्रेक्षकांची गॅलरी भरली होती. ताई पहिल्या रांगेत, निळ्या स्वेटरमध्ये, मास्तरीणबाईंच्या शेजारी. चष्मेवाल्यांनी एकदा वर बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

विषय पुकारला गेला. सचिवांनी नेहमीच्या एकसुरी आवाजात विचारलं, "या विषयात कुणाचे हितसंबंध असतील तर त्यांनी आत्ता सांगावं."

चष्मेवाल्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. सभागृहात कुणीतरी खोकलं. सचिवांनी पान उलटलं, आणि तो क्षण सरला. इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

चर्चा सुरू झाली. पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या एक नगरसेविका ठरावाच्या बाजूने बोलल्या. "आपण सायकल शर्यतीला अनुदान देतो. फुलांच्या प्रदर्शनाला देतो. या सभागृहातल्या किती जणांना सायकल येते?" थोडा हशा पिकला. "तरी देतोच ना? सायकलवाले आपल्याच शहरातले आहेत म्हणून देतो. हे लोकही इथेच राहतात, कर भरतात. ते मागतायत काय, तर आपल्याच गोदामातले कठडे."

मग बसवाल्या काकू उठल्या. त्या शहर-बस चालवत आणि सभेलाही गणवेशातच येत. "मला या लोकांविषयी काही म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या गाडीत रोज बसतात, तिकीट काढतात, उतरून जातात. कसलाही त्रास नाही. पण माझ्या वॉर्डात चढावर दिवा नाही. दोन बायका पडल्या तिथे. इथे आले की मला सांगतात, तिजोरीत खडखडाट आहे. आणि आज मी यांच्यासाठी हात वर केला, तर घरी जाऊन त्या बायकांना काय सांगू? ते तुम्ही सांगा, मी हात वर करते."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. चष्मेवाल्यांना तो चढ माहीत होता. त्यांना वाटलं, उठावं आणि म्हणावं, काकू, दिव्याच्या मागे मी लागतो. पण ते बसून राहिले. बोलायचं नाही, हात वर करायचा, एवढंच त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

त्यानंतर नगरसेवक पेट्रोलपंपवाले बोलायला उभे राहिले. भारदस्त माणूस, आवाज कमावलेला. खाजगी गोष्ट घराच्या चार भिंतींत असावी, तिला सरकारी खर्चाने रस्त्यावर कशाला आणायची, असं त्यांनी पद्धतशीर मांडलं. इथवर ठीक होतं. असं म्हणणारे बरेच होते. पण टाळी मिळाल्यावर त्यांना चेव चढला.

"आणि मला सांगा, आपण यांना आपलं म्हणायचं, पण यांना यांच्या घरच्यांनी तरी आपलं म्हटलंय का?" त्यांनी गॅलरीकडे हात केला. "त्या बसल्यात बघा. यांचे आईबाप, यांचे भाऊबहीण, कुठे आहेत? ज्यांना घरच्यांनी झटकून टाकलं, त्यांना गावाने डोक्यावर घ्यायचं? एक तरी, फक्त एक तरी सख्खा माणूस इथे उभा राहून म्हणेल का, की ही माझी आहे?"

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आधी झाला. उभे आपणच आहोत, हे चष्मेवाल्यांच्या लक्षात नंतर आलं.

"माझी आहे," ते म्हणाले.

"काय?"

"त्या. निळ्या स्वेटरमधल्या. ती माझी बहीण आहे. सख्खी. थोरली." आवाज दुकानातल्यासारखाच हळू होता, पण सभागृह इतकं चिडीचूप झालं होतं, की शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "मला तिनेच वाढवलंय."

गॅलरीत कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि सोबत कुणी नाही हे बघून थांबवल्या. चष्मेवाल्यांनी वर बघितलं. ताईने डोळे मिटून घेतले होते. मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला होता. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं.

सचिवांचा चेहरा पडला होता. "मग तुम्हाला बाहेर जावं लागेल," ते म्हणाले. "तुम्ही आधीच सांगायला हवं होतं."

"मत देतो आणि जातो."

"तसं नाही करता येत."

"मी बोललोच नाही असं धरा की."

कुणीतरी हसलं. ते हसणं दुष्टपणाचं नव्हतं. एखादं मूल काहीतरी अशक्य मागतं तेव्हा हसू येतं, तसलं ते होतं. अध्यक्षांनी हातोडी उचलून परत खाली ठेवली आणि म्हणाले, "चष्मेवाले, कृपा करा. बाहेर बसा."

ते बाहेर बसले. सभागृहाचा दरवाजा जाड होता. आतला आवाज यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. एक बाई व्हरांड्यातली फरशी पुसत पुसत आली आणि म्हणाली, "साहेब, जरा पाय वर घ्या." त्यांनी पाय वर घेतले. ती पुसून पुढे गेली तरी ते तसेच पाय वर धरून बसून राहिले. आतला आवाज थांबला. मग हातोडी वाजली. एकदाच.

माणसं बाहेर पडू लागली. पुस्तकवाल्या बाई त्यांच्याकडे न बघता गेल्या. बसवाल्या काकूंनी मात्र थांबून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग जिना उतरल्या. सगळ्यांत शेवटी ताई आली.

"पडला," ती म्हणाली.

"ताई, त्याने तसं विचारलं. मला बसवेना गं."

"मला बसवलं ना?" तिचा आवाज चढला नाही. "माझ्याबद्दल बोलत होता तो. मी बसलेच ना खाली? इतकी वर्षं बसलेच ना?"

चष्मेवाल्यांनी तेव्हा कुठे पाय खाली ठेवले.

"भाऊ मला घरीही चालला असता, बारक्या. इथे मत हवं होतं."

मास्तरीणबाई जिन्याजवळ थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चल गं. आता बोलून काय होणार आहे." आणि जाता जाता मागे वळून, कोड्यात पडल्यासारख्या, त्या चष्मेवाल्यांकडे बघत राहिल्या. वर्गातला हुशार नसलेला मुलगा बरोबर उत्तर सांगतो, पण पेपर संपल्यावर, तेव्हा त्या असंच बघत असाव्यात.

पुढचे दिवस चमत्कारिक गेले. गॅलरीतल्या कुणीतरी तो प्रसंग मोबाइलवर टिपला होता. 'माझी आहे' म्हणून उभ्या राहिलेल्या चष्मेवाल्यांना कुठल्या कुठल्या शहरांतल्या लोकांनी पाहिलं. परगावी शिकणाऱ्या मुलीचा फोन आला, ती रडत होती. "बाबा, काय भारी केलंत! माझ्या मैत्रिणी तुमचे फोटो लावतायत."

"अगं पण ठराव पडला."

"असू दे हो! तुम्ही उभे राहिलात ते महत्त्वाचं."

त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला. त्यांना ते ऐकवेना. अनोळखी माणसं दुकानात येऊन हात हातात घेत, डोळे पुसत, आणि ते "या, बसा" म्हणत. काही जुनी गिऱ्हाइकं यायची बंद झाली. त्यांचं त्यांना वाईट वाटलं नाही. हात हातात घेणाऱ्यांचंच ओझं व्हायचं.

मधल्या काळात त्यांनी कठड्यांसाठी धावाधाव केली. सचिवांकडे गेले. सचिव म्हणाले, तुमची चौकशी चालू आहे तोवर तुमच्या सहीने काहीही पुढे सरकणार नाही. गोदामाच्या रखवालदाराकडे गेले. तो बिचारा म्हणाला, साहेब, कठडे समोर पडलेत, मलाही दिसतायत, पण चिठ्ठीशिवाय एकही हलवला तर माझी नोकरी जाईल. शेजारच्या नगरपरिषदेत गेले. तिथे त्यांना पाणी विचारलं, आदराने बसवलं, व्हिडिओ पाहिल्याचं सांगितलं आणि नाही म्हणाले. पोलिस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने तर उभं राहून हात मिळवला. "तुमच्या भावना मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण मागच्या वर्षी पाय मोडला. या वर्षी जीव गेला तर जबाबदार कोण?" हे ताईचंच म्हणणं होतं. त्यावर बोलणार काय?

एका सकाळी पेट्रोलपंपवाले दुकानात आले. त्यांच्या चष्म्याची दांडी ढिली झाली होती. ती घट्ट होईपर्यंत ते काउंटरला टेकून उभे राहिले, एरवी कमावलेला आवाज आज बसल्यासारखा.

"वैयक्तिक घेऊ नका," ते म्हणाले. "तुमची बहीण आहे हे माहीत असतं, तर झटकून टाकलं वगैरे मी बोललोच नसतो."

"मग काय बोलला असता?"

पेट्रोलपंपवाल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "बाकी तेच बोललो असतो," ते म्हणाले.

चष्मेवाल्यांनी स्क्रू आवळला, काचा पुसल्या आणि चष्मा त्यांच्या नाकावर बसवून दिला. कानामागे टोचत नाही ना, तेही विचारलं. ते गेल्यावर चष्मेवाले खुर्चीत बसले. त्या माणसाचा राग यावा म्हणून त्यांनी बराच प्रयत्न केला.

ताईने फेरी रद्द केली. मंडळातल्या तरुणांनी आरडाओरडा केला, भित्री म्हणाले, दोघे सोडून गेले. मास्तरीणबाई, ज्या मुळात अर्जाच्याच विरोधात होत्या, त्या आता म्हणाल्या की निघूया, बघू काय होतं ते. पण ताई ठाम होती. "ज्याला जायचं त्याने जावं. मी बोलावणार नाही, आणि मोडलेले पाय मी आता पुन्हा उचलणार नाही." आणि ती बोलावणार नाही म्हटल्यावर कुणीच निघालं नाही.

फेरी रद्द झाल्याचं सगळीकडे कळवलं होतं. तरी ठरलेल्या रविवारी सकाळी ताई चौकात जाऊन उभी राहिली. कुणी ना कुणी चुकून येणारच, त्यांना सांगायला आपलं माणूस हवं. चष्मेवाल्यांना हे बायकोकडून कळलं. ते न विचारताच गेले. ताईने त्यांना बघितलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"त्या टोकाला उभा राहा," ती म्हणाली. "स्टँडकडून येणाऱ्यांना तिथेच सांग. इथवर चालायला लावू नको."

मंडळात नुकतीच आलेली एक मुलगी पाण्याच्या बाटल्या घेऊन आली होती. तिने विचारलं, "हे कोण?"

"माझा भाऊ," ताई म्हणाली. "यांच्याच कृपेने आपण इथे उभे आहोत."

मुलगी हसली. तिला वाटलं, कौतुकच आहे. ताईही थोडी हसली. चष्मेवाले आपल्या टोकाला गेले.

लोक येत होते. फार नव्हते, पण येत होते. एकट्याने येणारे जास्त. दुरूनच ओळखू यायचे, कारण ते रिकाम्या चौकाकडे बघून चाल मंद करत आणि आपण दुसऱ्याच कशाला तरी आलोय असं दाखवू लागत. चष्मेवाले पुढे होऊन सांगत, "फेरी रद्द झालीय." कुणी म्हणे, "कसली फेरी?" आणि झपाझप निघून जाई. कुणी नुसतीच मान हलवी. एका उंच बाईने चेहरा छान रंगवला होता. तिने त्यांचं बोलणं ऐकलं, पर्समधून रुमाल काढला आणि तिथेच उभी राहून तोंड पुसायला लागली. रंग निघेना. चष्मेवाल्यांनी दुकानातलं काच पुसायचं मऊ कापड खिशातून काढून दिलं. त्यानेही निघेना. ती तशीच गेली.

ऊन चढल्यावर एक वयस्कर गृहस्थ आले, सोबत तिशीतला मुलगा. दोघांचे इस्त्रीचे शर्ट प्रवासात चुरगळले होते. गृहस्थांच्या हातात डब्याची पिशवी होती.

"प्राइड इथूनच ना?" गृहस्थांनी विचारलं. तो शब्द त्यांनी पाठ करून आणल्यासारखा उच्चारला.

"रद्द झालंय हो," चष्मेवाले म्हणाले. "कळवलं होतं सगळ्यांना."

"आम्हाला काही कळलं नाही. आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो." गृहस्थ मुलाकडे बघेनात. "याने मला तीन वर्षं विचारलं, येता का म्हणून. या वर्षी मी हो म्हटलं."

"बाबा, असू दे. चला," मुलगा म्हणाला.

"थांब रे. पुन्हा कधी आहे?" त्यांनी चष्मेवाल्यांना विचारलं.

"ते... अजून काही ठरलं नाही."

"का रद्द झालं?"

चष्मेवाल्यांच्या तोंडाशी सगळं आलं. सभागृह, हितसंबंध, कठडे, निळं स्वेटर. यातलं काय सांगावं ते त्यांना कळेना. "परवानगी मिळाली नाही," ते म्हणाले.

गृहस्थांनी मान डोलावली, जसं काही त्यांना हे अपेक्षितच होतं. मग ते एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "त्याचं असं आहे, मी मोठ्या मुश्किलीने स्वतःला तयार केलं होतं. ही हिंमत पुढच्या वर्षी राहील की नाही, मला सांगता येत नाही. म्हणून विचारतोय. दुसरं काही आहे का आज? थोडं लहानसं असलं तरी चालेल."

"नाही," चष्मेवाले म्हणाले. "आज काहीच नाही."

मुलाने बापाच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. परतीची गाडी दुपारी होती. मग ते दोघं चौकातल्या बाकावर जाऊन बसले, मध्ये थोडं अंतर ठेवून, आणि मोकळ्या रस्त्याकडे बघू लागले. दुसऱ्या टोकावरून ताईने हाताने विचारलं, काय म्हणतायत? चष्मेवाल्यांनी नुसता हात हलवला. स्टँडकडून आणखी दोघं येताना दिसत होती.